घनता नव्हे, कणांची रचना

घडाईत, म्हणजे घाव घालून किंवा दाबून धातूला आकार देताना, धातू दाबला जाऊन घनता वाढते आणि म्हणून तो मजबूत होतो, असं म्हटलं जातं. हे पटत नाही. ओतीव धातूतली बारीक छिद्रं मिटतात हे खरं, पण सलग पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅमच्या आसपासच राहते. बदलतात ते कण, म्हणजे धातू ज्यांचा बनलेला असतो ते छोटे स्फटिक. मोठे कण मोडून बारीक होतात आणि तंतू, म्हणजे ताणल्या गेलेल्या कणांच्या रेषा, वस्तूच्या आकाराप्रमाणे वळतात. सळई कापून क्रँकशाफ्ट (इंजिनातला वळणावळणाचा फिरता दांडा) केला तर हेच तंतू नेमके वळणावर तुटतात.

तापमानाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. तांबं थंड ठोकलं की कडक होत जातं. शिसं कितीही ठोका, मऊच, कारण त्याचे कण साध्या तापमानालाच नव्याने तयार होतात. पोलादाला त्यासाठी तापून लाल व्हावं लागतं. आणि शेवटचे घाव फार गरम असताना पडले, तर बारीक केलेले कण पुन्हा वाढतात.