छंद म्हणून विमान उडवणारे मराठवाड्यात टिकत का नाहीत?

धावपट्टी_लातूर
लातूर, धाराशिव, संभाजीनगर मिळून आम्ही सहा जण. तिघांकडे पीपीएल (खाजगी पायलटचा परवाना), बाकीचे शिकताहेत. रोटॅक्स ९१२ इंजिनाचं दोन सीटचं विमान भागीदारीत घ्यायचं चाललंय. पण आपल्याकडे विमान शिकणारा म्हणजे एअरलाइनच्या वाटेवरचा, असंच सगळे धरतात. सीपीएलचे (व्यावसायिक पायलटच्या परवान्याचे) २०० तास भरले की पोरं जातात, आणि पीपीएलवर थांबलेल्याला घरचे विचारतात, "मग नोकरी कधी?" गट टिकवायचा तर काय बदलावं?

हँगरहिशेब
आधी "कमी उडवलं की खर्च कमी" हा समज सोडा. समजा विमा, हँगर (विमान ठेवायची शेड), एएमई (देखभाल इंजिनिअर) आणि तपासण्या मिळून वर्षाला १२ लाख. सहा जणांत ६० तास झाले तर तासाला २०,००० नुसता बांधील खर्च. २४० तास झाले तर ५,०००.

खरी गोम इंजिनात आहे. ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती) २००० तासांनी किंवा १५ वर्षांनी, जे आधी येईल ते. ६० तासांच्या चालीने १५ वर्षांत ९०० तासच होतात. ओव्हरहॉलला १६ लाख धरून तासाला ८०० बाजूला टाकले तर जमतात ७.२ लाख. उरलेले कुणी द्यायचे, यावर भागीदारी फुटते. म्हणून फंड महिन्यावर लावा, माणशी सुमारे १,५००. वर्षाला १३३ तासांच्या (२००० भागिले १५) पुढे गेलात तरच तासाचा दर धरा. रबरी नळ्या दर ५ वर्षांनी बदलायच्या, तो खर्च वेगळा. आणि खाजगी विमानात भाडं घेऊन कुणाला फिरवू नका, ओळखीतलं असलं तरी.

काळी_माती
हिशेब पटला, पण "जास्त उडवा" एप्रिल-मेच्या दुपारी लागू नाही. चिकलठाणा, म्हणजे संभाजीनगरचं विमानतळ, सुमारे १९०० फुटांवर. त्या उंचीचं प्रमाण (हिशेबाला धरायचं) तापमान ११ अंश. ४० असताना वरच्या प्रत्येक अंशाला १२० फूट धरा, डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,४०० फुटांच्या आसपास जाते. दोघं बसून टाकी भरली की धाव लांबते, चढण मरते. त्यामुळे उड्डाण सूर्योदयानंतर लगेच. फ्लाइट प्लॅन आदल्या संध्याकाळीच टाकावा, नाहीतर एडीसी-एफआयसी (हवाई दल आणि उड्डाण माहिती केंद्राच्या परवानगीच्या) नंबरांच्या फोनाफोनीत गार वेळ निघून जातो.

पंपावरचं पेट्रोल आता ई-२० (२० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल), रोटॅक्सची मर्यादा ई-१०. मोजपात्रात १० मिली पाणी, वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल; हलवून ठेवा. खालचा थर १० च्या वर चढला तर अल्कोहोल आहे, आणि २० च्या वर गेला तर ते कॅन परत. जास्त अल्कोहोलने नळ्या-सील फुगतात, पाणी ओढलं जातं. अ‍ॅव्हगॅसच (विमानाचं खास पेट्रोल) वापरणार असाल तर त्यातल्या शिशामुळे तेल लवकर बदलावं लागतं.

दुसरी_सीट
दादा, पैसे आणि पेट्रोल सांभाळूनही गट मोडतात. माणूस सुटतो तो खंड पडल्यावर. पावसाळ्यात काळ्या मातीची कच्ची पट्टी बंद, मग सोयाबीनची काढणी, मग दिवाळी. तीन महिने गेले की हात बसत नाही, आणि "मला भीती वाटते" असं मोठ्या माणसाच्या तोंडून निघत नाही. तो नुसता यायचं बंद करतो.

यावर नियम एकच: ४५ दिवस उड्डाण नाही तर पुढचं इन्स्ट्रक्टरसोबत, सर्वांना सारखं, खर्च सामायिक फंडातून. ऐनवेळी "आज नको" म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही आणि त्याचं बुकिंगही कापायचं नाही. चुकांची वही ठेवा, त्यात नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की वही कोरी राहते.

नोकरीच्या प्रश्नावर वाद घालण्यापेक्षा घरच्यांना सकाळी हँगरला आणा. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलेलं असताना पोरांना तेलाची पट्टी वाचू द्या, प्रोपेलरला मात्र कुणी हात लावायचा नाही. स्टुडंट लायसन्सला वय १६ लागतं, पीपीएलला १७ आणि दहावी पास. वरचं वय मेडिकल ठरवतं, म्हणजे पन्नाशीतला बागायतदारही येऊ शकतो. तो एअरलाइनला जाणार नाही, त्यामुळे हप्ता वर्षानुवर्षं भरतो.

धावपट्टी_लातूर
४५ दिवसांचा नियम करारातच घालतो. इन्स्ट्रक्टरचं मानधन माणशी महिन्याला किती धरावं, ते कुणी सांगेल का?