'इमोशनल अपील'ला मराठीत काय म्हणायचं?

मार्केटिंगच्या एका पुस्तकाचं मराठी करतेय आणि चार दिवस एकाच शब्दावर अडकून बसलेय. इमोशनल अपील. कोशात 'भावनिक आवाहन' मिळतं, बहुतेक क्रमिक पुस्तकांतही तेच वापरलेलं दिसतं, पण मला ते वाचून काहीच होत नाही. आवाहन म्हटलं की एकतर पूजा आठवते, सोळा उपचारांतला पहिला, हातात अक्षता घेऊन देवाला बोलवायचं तो, नाहीतर पेपरातलं 'पाणी जपून वापरण्याचे नागरिकांना आवाहन'. त्यात टाईप करताना कितीतरी जण आवाहनचं आव्हान करतात, आणि 'जाहिरातीतील भावनिक आव्हान' असं छापलं गेलं की अर्थच पार बदलला.

धडा आहे भावनेला हात घातला की जाहिरात का लक्षात राहते याचा, आणि मी डोळ्यासमोर ठेवलीय ती धारा तेलाची नव्वदीतली जलेबीवाली. लहान मुलगा रुसून घर सोडून निघालाय, स्टेशनवर येऊन बसलाय, तिथे त्याला रामूकाका भेटतात आणि सहज बोलल्यासारखं सांगतात की घरी आईने गरम गरम जलेब्या केल्यात. मुलगा डोळे मोठे करून नुसतं 'जलेबी!' म्हणतो. बास. तो एक शब्द आज पंचविसेक वर्षांनीही माझ्या घरात कुणी म्हटला तर त्याच सुरात म्हणतात. आता त्या क्षणी मला जे झालं त्याला मी 'आवाहन' कसं म्हणू? आपल्याकडे याला खरा बोलण्यातला शब्द कुठला, सांगा ना.

प्रतिसाद:

ताई, 'साद' वापरा. भावनिक साद. 'साद घालणे' हा आपला रोजचा वाक्प्रचार आहे, लांबून हाक मारल्यासारखा, आणि दुसरं म्हणजे त्यातूनच 'प्रतिसाद' होतो, म्हणजे जाहिरातीने साद घातली आणि गिऱ्हाइकाने प्रतिसाद दिला अशी जोडी आयती जुळते, पुस्तकात पुढे रिस्पॉन्स हा शब्द येणारच असेल तुमच्या.

आवाहन-आव्हानचा घोळ का होतो तेही सांगतो, आवाहन मधे 'वह्' धातू आहे, आणि आव्हान हे संस्कृत आह्वानचं आपण केलेलं रूप, त्यात 'ह्वे' म्हणजे हाक मारणे. हिंदीत आह्वान म्हणजे अजूनही हाक, विनंती, मराठीत मात्र तो ललकारीकडे गेला. हिंदी बातम्या घाईत मराठीत आणताना इथे हमखास चूक होते. अजून एक, हिंदीवाले जाहिरातीला विज्ञापन म्हणतात, आपल्या जुन्या पत्रांत 'विनंती विज्ञापना' असायची, वडिलधाऱ्यांना नम्रपणे कळवणं. आपली जाहिरात आली 'जाहीर'वरून, चारचौघांत उघड सांगणं. एक कानात सांगितल्यासारखा शब्द आणि एक दवंडीसारखा.

प्रतिसाद:

साद छान आहे पण लोक बोलताना 'काळजाला हात घातला' म्हणतात, नाहीतर 'मनाला भिडली', 'पोटात कालवलं', 'गलबलून आलं', 'घशाशी आवंढा आला'. बघा की, सगळे शब्द अंगातले आहेत. मटणाच्या दुकानात कलेजी मागतो ना आपण, तेच काळीज, म्हणजे मूळ अवयव यकृत, पण मराठीत ते प्रेमाचं, धीराचं आणि दुःखाचं घर झालं. 'भावनिक' या शब्दाला अंग नाही. आणि 'भावुक' तर अजिबात नको, भावुक म्हणजे तो माणूस ज्याला चटकन भरून येतं, जाहिरात भावुक नसते, बघणारा होतो.

एक सावधगिरी मात्र, 'भावनेला हात घालणे' यात थोडा संशयही असतो. 'भावनांशी खेळणे', 'भावनेचा बाजार मांडणे' हे शेजारीच राहतात त्याच्या. ज्या जाहिरातीत म्हातारे आईबाप, पाऊस, व्हायोलिन सगळं आहे आणि शेवटी कळतं की सिमेंट विकतायत, तिला आपण भिडली म्हणत नाही, रडवली म्हणतो.

मूळ धागालेखिका:

हे रडवली आणि भिडलीतलं अंतर फार कामाचं आहे, थँक्यू. यावरून मला वाटतं 'लक्षात राहणे' हाही एकच प्रकार नाही. निरमाचं गाणं तोंडी बसलंय, ते आपोआप ओठावर येतं, त्यात भावना फार नाही, चाल आहे. सर्फच्या ललिताजी लक्षात आहेत त्या त्यांच्या युक्तिवादामुळे, 'सर्फ की खरीदारी में ही समझदारी है', तिथे डोक्याला पटवलंय. आणि मोती साबणाची ती जाहिरात, 'उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली', ती मनात घर करून आहे. तोंडी बसणं, डोक्यात राहणं, मनात घर करणं, तीन वेगवेगळ्या जागा आहेत.

मोतीचं जरा सांगते कारण शब्दाचा खेळ तिथे बघण्यासारखा आहे. मूळ शब्द अभ्यंगस्नान, त्यांनी त्या जागी मोती स्नान बसवलं आणि 'उठा उठा' ही भूपाळीची हाक घेतली. काका पहाटे दारं ठोठावत फिरतात. आमच्याकडे आजी आदल्या रात्री तो गोल साबण खोक्यासकट पाटावर काढून ठेवायची, शेजारी उटण्याची वाटी, कारीट, आणि आम्हाला अंथरुणातच तो वास यायचा, थंडीत उठायचं जिवावर यायचं तरी त्या वासाने जाग यायची. वर्षातून चार दिवस येणारा साबण. त्यामुळे जाहिरातीने नवीन भावना तयार केलीच नाही, जी घराघरात होती तिला फक्त साद घातली. त्या काकांचं काम करणारे विद्याधर करमरकर २०२० मध्ये गेले तेव्हा बातम्यांमधे त्यांना अलार्म काकाच म्हटलं होतं.

प्रतिसाद:

रसशास्त्रातले, म्हणजे नाटक-काव्यातून रस कसा निर्माण होतो ते सांगणाऱ्या शास्त्रातले शब्द वापरून बघा, मी कॉलेजात हेच शिकवतो. भरताने नाट्यशास्त्रात विभाव सांगितलाय, भाव जागा व्हायचं कारण. पुढे त्याचे दोन भाग केले गेले, ज्याच्याविषयी भाव जागतो ते आलंबन आणि जो भाव चेतवतो तो उद्दीपन. धारामधे आलंबन तो रुसलेला मुलगा, उद्दीपन जलेबी. आणि जलेबी तेलातच तळतात! म्हणजे विकायची वस्तू थेट उद्दीपनात आहे, बाहेरून चिकटवलेली नाही. मोतीतही तसंच, वास हाच उद्दीपन. सिमेंटवाल्या उदाहरणात वस्तू विभावात कुठेच नाही म्हणून लोकांना गोष्ट आठवते आणि कंपनी आठवत नाही. १९९४ च्या कॅडबरीच्या जाहिरातीत ती मुलगी सिक्युरिटीवाल्याला चुकवून मैदानात नाचत जाते, पण त्याआधी ती स्टँडमधे बसून चॉकलेट खात असते, तो एक घास काढून टाकला तर सगळं सुटं होईल.

फक्त एक लक्षात ठेवा, भावनिक म्हणजे रडूच असं नाही. विम्यात भीती आणि काळजी असते, ती भावनाच, एलआयसीने तर गीतेतलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' घेतलंय.

प्रतिसाद:

अभिमानही धरा त्यात. १९८९ चं 'हमारा बजाज'. आमचे वडील आकुर्डीत बजाजच्या कारखान्यात कामाला होते त्यामुळे घरात ते गाणं लागलं की सगळे गप्प. लहानपणी मी ते मराठीत म्हणायला गेलो आणि अडलो, आमचा बजाज की आपला बजाज? हिंदीत हमारामधे दोन्ही मावतं. मराठीत 'आमचा' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला, ते कंपनीचं वाक्य झालं. 'आपला' म्हटलं की समोरचाही आत आला, स्कूटर त्याचीही झाली. वडील म्हणाले, अरे आपला बजाज. कारखान्यातला माणूस आणि स्कूटर घेणारा माणूस एकाच शब्दात. मराठी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याला हा चॉइस दरवेळी करावा लागतो, आणि माझ्या मते निम्मी भावना तिथेच ठरते.

मूळ धागालेखिका:

आमचा-आपला हा मुद्दा मी तळटीप म्हणून नाही, धड्यातच घालतेय, मूळ इंग्रजीत तो असणं शक्यच नव्हतं.

तर ठरवलं असं, मथळ्यात 'भावनिक साद', क्रियापद 'साद घालणे', आणि परिणाम सांगताना भिडणे, गलबलणे, अभिमान वाटणे, धास्ती वाटणे जिथे जे असेल ते, सगळीकडे एकच भावनिक भावनिक नाही लिहायचं. आवाहन पूर्ण काढलं. विभाव एका परिच्छेदात घेते सर, उदाहरण जलेबीचंच.

आता पुढच्याच पानावर ब्रँड रिकॉल आलाय, म्हणजे वस्तू म्हटली की कंपनीचं नाव आपोआप आठवणं. 'स्मरण' फार कोरडं वाटतंय आणि 'आठवण' म्हटलं तर वाक्यात नीट बसत नाही. 'आठव' चालेल का? 'नाव घेताच आठव होणे' असं कुणाच्या घरी अजून बोलतात का, आणि बोलत असतील तर कुठल्या भागात?