खाण कंपनीच्या 'स्वतंत्र' सल्लागार गटात जावं का?

कोथरूडची_मास्तरीण
नमस्कार मंडळी. मी पुण्यात कॉलेजला पर्यावरणशास्त्र शिकवायचे, आता रिटायर्ड. एका सिमेंटवाल्या कंपनीचा मेल आलाय (नाव नको), चंद्रपूरकडे त्यांची चुनखडीची खाण आहे ती वाढवायचीय आणि त्यासाठी 'स्टेकहोल्डर सल्लागार गट' करतायत, त्यात बाहेरची चार-पाच स्वतंत्र माणसं हवीत म्हणे. वर्षातून दोन मीटिंगा पुण्यातच, एक साइट व्हिजिट, मानधन आणि प्रवासखर्च त्यांचा. मुलगा म्हणतो आई फोटो काढून रिपोर्टात छापतील आणि विसरून जातील. मला वाटतं बाहेर बसून शिव्या घालण्यापेक्षा आत जाऊन बघावं. कुणी असलं काम जवळून पाहिलंय का? हो म्हणायच्या आधी काय काय विचारून घेऊ?

ईआयए_वाला_माजी
मॅडम, मी बरीच वर्षं ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) कन्सल्टन्सीत होतो म्हणून लिहितो. आधी एक स्पष्ट करून घ्या, हा गट म्हणजे जनसुनावणी नव्हे, आणि कंपनीला ते दोन्ही एकात कालवायला फार आवडतं. जनसुनावणी २००६ च्या ईआयए अधिसूचनेखाली होते, प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवसांची नोटीस, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग, आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. कागदावर झकास आहे हो. पण कोरम नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी 'झाली'. आणि मुळात ज्या रिपोर्टवर सुनावणी असते तो लिहिणारा कन्सल्टंट कंपनीनेच पैसे देऊन ठेवलेला असतो, म्हणजे आमच्यासारखा. मराठी सारांश शेवटच्या आठवड्यात कुणाकडून तरी उरकून घ्यायचे, 'ओव्हरबर्डन'ला (खनिजाच्या वरची काढून टाकायची माती-दगड) काय लिहायचं हे त्या भाषांतरवाल्याला पण माहीत नसायचं.
तुमचा गट ऐच्छिक आहे, कुठल्या कायद्यात नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की गटाच्या शिफारशीला कंपनी लेखी उत्तर देणार का, किती दिवसांत, आणि ते गावात मराठीत लावणार का. यावर 'बघू' आलं की समजून जा.

हिंजवडी_ते_राजुरा
ताई, माझं घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याकडचं, नोकरीसाठी इकडं हिंजवडीत. तुमच्यासारखी माणसं आमच्याकडं येऊन गेलीत म्हणून सांगतो. गाडी गेस्ट हाऊसवर, तिथून व्ह्यू पॉइंटवरून खाण बघायची, मग लावलेली झाडं, मग शाळेला दिलेल्या बेंचवर फोटो, मग जेवण. आमच्या आईच्या तुरीच्या पानावर बोट फिरवलं तर पांढरं निघतं ते कुणी बघितलं नाही कारण ते शेत रूटवर नव्हतं. दुपारी ब्लास्टिंग होतं तेव्हा घरातली भांडी वाजतात, आणि पाहुणे असले की त्या दिवशी नेमकं ब्लास्टिंग नसतं, आता बोला.
जायचंच असेल तर कंपनीची गाडी सोडा, एसटीने या, मुक्काम गावात करा. आणि सरपंच एकटाच भेटला तर गाव भेटलं असं धरू नका, त्याच्या पोराचे दोन टिप्पर खाणीत लागलेत. विहिरीवाल्यांना विचारा, पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा, ठेकेदाराकडच्या मजुरांना विचारा (गेटवर नाही, घरी).
अजून एक, पाण्याची टाकी दाखवून 'आम्ही दिली' म्हणतील तेव्हा पैसा कुठला ते विचारा. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला (खाणीची झळ बसलेल्या भागासाठीचा निधी) भरावंच लागतं, जुन्या लीजवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या लीजवर १० टक्के. तो उपकार नाही, देणं आहे.

पेठेतला_पोपट
एवढं कशाला, सेबीच्या बीआरएसआर रिपोर्टात (शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्या पर्यावरण-समाजाबद्दल दरवर्षी देतात तो) स्टेकहोल्डरशी बोललात का असा रकाना असतो, तो भरायचाय त्यांना. मानधन घ्या, बाकरवडी खा, घरी या 😄

दगडधोंडे
पोपटराव, विनोद ठीक आहे पण 'स्वतंत्र' शब्द किती महागात पडू शकतो ते ब्राझीलमध्ये बघा. ब्रुमाजिन्यो, २५ जानेवारी २०१९, वाले कंपनीच्या लोहखनिज खाणीतला गाळाचा बांध फुटला, २७० माणसं गेली. काही महिने आधीच ट्यूफ झ्यूड या नावाजलेल्या जर्मन कंपनीच्या तिथल्या शाखेने बांध स्थिर असल्याचं सर्टिफिकेट दिलं होतं. तपासणारा बाहेरचा होता की, पण त्याला नेमणारी आणि पैसे देणारी वालेच.
उलट उदाहरण पण आहे. न्यूमाँट या सोन्याच्या खाणीवाल्या कंपनीच्या शेअरहोल्डरांनी २००७ मध्ये ठराव केला की स्थानिक लोक आपल्याला का विरोध करतात ते तपासा. त्यासाठी बाहेरच्या लोकांचा सल्लागार गट नेमला आणि २००९ मध्ये रिपोर्ट जाहीर झाला, कंपनीच्या चुका दाखवणारा. छान. पण पेरूमध्ये २०११ ला त्यांच्याच कोंगा प्रकल्पाविरुद्ध, तळी जाणार म्हणून, एवढं आंदोलन पेटलं की काम थांबवावं लागलं. म्हणजे ऐकून घेणं एक आणि पाण्याच्या तळ्यांवरचा प्लॅन बदलणं वेगळं.
मला त्यातल्या त्यात आयआरएमए ची (खाणी जबाबदारीने चालतात का ते तपासण्याचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) रचना बरी वाटते. तिच्या बोर्डावर खाणवाले, माल घेणारे, फायनान्सवाले, स्वयंसेवी संस्था, कामगार संघटना आणि बाधित लोक यांना समान जागा आहेत, नुसता सल्ला नाही, मत आहे. तुमच्या गटात खाणीलगतच्या गावची किती माणसं आहेत? सगळे पुण्याचेच असतील तर मी तरी जाणार नाही.

कोथरूडची_मास्तरीण
सगळ्यांचे आभार, पोपटरावांचे पण. यादी मागवली, गावातलं कुणीच नाहीये त्यात, दोन रिटायर्ड अधिकारी, एक सीए, एक डॉक्टर आणि मी. मानधनाचं काय करावं? नाही घेतलं तर फुकट राबायचं आणि घेतलं तर मिंधं.

ईआयए_वाला_माजी
घ्या हो, मेहनतीचं आहे. फक्त आकडा जाहीर करायला लावा आणि करारातलं गोपनीयतेचं कलम नीट वाचा, सगळी मेख तिथे असते. कंपनीच्या परवानगीशिवाय काही बोलायचं-लिहायचं नाही असं असेल तर ते खोडून परत पाठवा. आणि असहमतीचं टिपण रिपोर्टसोबत जसंच्या तसं छापलं जाईल ही ओळ घालून घ्या.

हिंजवडी_ते_राजुरा
आणि गावची निदान दोन माणसं, ग्रामसभेने निवडलेली, कंपनीने नाही. मीटिंग पण पुण्यात नको, राजुऱ्यात घ्या म्हणावं. याल तेव्हा मेसेज करा ताई, आमच्या घरी उतरा.