प्रतिसाद: लढाईच्या आधी गायलेलं स्तवन

बायबलमधली विजयगीतं नेहमी विजयानंतरच येतात, असं मूळ लेखात म्हटलं आहे, त्याला हा प्रतिसाद. मोशेची बहीण मिर्याम, तिच्या बाबतीत ते खरंच आहे. इजिप्तमधून सुटलेले इस्राएली समुद्र ओलांडून गेल्यावर ती हाती डफ घेते आणि बाकीच्या स्त्रिया नाचत तिच्यामागे निघतात (निर्गम १५). इस्राएलची संदेष्टी दबोरा, तिचं गीतही शत्रूचा सेनापती सीसरा याच्या पराभवानंतरचं.

पण बायबलमधल्या ‘२ इतिहास’ या पुस्तकाचा २० वा अध्याय जरूर वाचा. मवाबी, अम्मोनी आणि सेईरचे लोक, म्हणजे शेजारचे शत्रू, यहूदा राज्यावर चालून येतात. यहूदाचा राजा यहोशाफाट घाबरतो, तसं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. सगळा यहूदा उपास करतो. सकाळी तकोवाच्या रानाकडे निघताना राजा सशस्त्र सैनिकांच्या पुढे गायकांना ठेवतो. लढाईचा निकाल अजून लागलेला नाही, आणि हे गात निघतात!

काय गातात, तेही पाहण्यासारखं आहे. ‘परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण त्याची दया सनातन आहे.’ यात शत्रूचं नाव नाही, तलवार नाही, विजयाचा शब्दही नाही. राजा शलमोनाने यरुशलेमचं मंदिर बांधलं तेव्हा घुमलेले हेच शब्द (२ इतिहास ५). स्तोत्र १३६ मध्ये तर २६ च्या २६ ओव्यांत हेच पालुपद येतं. म्हणजे रणगीत म्हणून नवं काही रचलं नाही, मंदिरातली रोजच्या उपासनेची ओळच रणात नेली. मला हा अख्ख्या बायबलमधला सगळ्यात धीट प्रसंग वाटतो.

पुढे शत्रू आपापसातच लढून संपले, आणि त्यांची लूट गोळा करायला यहूदाच्या लोकांना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ते बराखाच्या खोऱ्यात जमले, तेही पुन्हा स्तवनासाठीच.