एक लाखाचं स्टेडियम अमणेला? मला पटत नाही

किटबॅग (धागाकर्ता)
ठाणे जिल्ह्यात अमणे इथे, समृद्धी महामार्गाच्या बाजूला, एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम बांधायचा विचार मुंबई क्रिकेट असोसिएशनने मांडलाय. ओळखीतले सगळे खूश आहेत. माझा विरोध आहे, कारण तिथे लोकल जात नाही.

चर्चगेटला उतरून बघा. ब्रेबॉर्न स्टेडियम पाच मिनिटांवर, वानखेडे दहा. रस्ता ओलांडला की एका अंगाला क्रॉस मैदान, दुसऱ्या अंगाला ओव्हल. शेजारी हॉकीचं स्टेडियम, मरीन लाइन्सच्या पुढे जिमखान्यांची रांग. एवढं सगळं एका रेल्वे पासात! शार्दूल ठाकूर पालघरहून किट खांद्यावर टाकून लोकलने खेळायला यायचा. मीही शाळेत असताना पहाटेच्या विरारने यायचो. दाराशी उभे असलेले काका बॅग हातोहात आत घ्यायचे आणि 'आज कोणाशी मॅच?' विचारायचे. महामार्गावरच्या मैदानात पोरगं पोचणार कसं? ज्याच्या घरी गाडी आहे तोच पोचेल.

बदलापूरकर
दादा, चर्चगेट तुम्हाला सोयीचं. आम्ही सीएसएमटीला उतरून आझाद मैदानाच्या कडेने चालत येतो, नाहीतर दादरला पूल चढून गाडी बदलतो. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो, संपायला साडेअकरा. शेवटच्या चार षटकांत माझं लक्ष धावफलकाकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त असतं, कारण कर्जतची शेवटची गाडी चुकली तर रात्र फलाटावर. मुंबईत नोकरी करणारा माणूस आज कल्याण, बदलापूर, भिवंडी, विरारला राहतो. स्टेडियमने एकदा त्याच्याकडे यायला काय हरकत आहे?

किटबॅग
तुमचा त्रास खरा आहे. पण अमणे तुम्हाला जवळ पडेल असं वाटतंय का? जवळचं भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, तिथे दिवसाला मोजक्याच मेमू. एक लाख माणसं रात्री बाराला रिक्षाने कल्याण गाठणार? उलट ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ पूर्ण चालू आहे. सीएसएमटीहून हुतात्मा चौक, मग चर्चगेट.

बदलापूरकर
जाताना मेट्रो मिळते हो. सामना सुटेपर्यंत ती बंद झालेली असते.

स्कोअरर
दोघंही वाहतुकीवर बोलताय, मूळ दुखणं तिकिटांचं आहे. वानखेडे उभं राहिलं तेच तिकिटांच्या भांडणातून. सामने ब्रेबॉर्नवर व्हायचे, मैदान सीसीआयचं, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. असोसिएशनला वाट्याला येणाऱ्या जागा पुरत नव्हत्या. विजय मर्चंट सीसीआयचे अध्यक्ष, इकडे असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे. जमलं नाही, तेव्हा हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झालीसुद्धा. पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी नूतनीकरण झालं, त्यात आसनं कमी होऊन ३३,००० च्या आसपास उरली. त्या अंतिम सामन्याची सर्वसामान्यांसाठी विक्रीला आलेली तिकिटं होती सुमारे ४,०००. बाकीची क्लब, सभासद, प्रायोजक यांच्याकडे. स्टेशन कितीही जवळ असलं तरी हातात तिकीट नसेल तर त्या जवळिकीचा उपयोग काय? म्हणून मी मोठ्या स्टेडियमच्या बाजूने. एक लाखातल्या निम्म्या जागा तरी खुल्या विकाव्याच लागतील.

डी रोड
मी वानखेडेच्या शेजारच्या गल्लीत राहते. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेन्टीचा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची मिरवणूक होती. मरीन ड्राइव्हवर मुंगीला वाट नव्हती. लोक गुदमरले, काही जखमी झाले. सकाळी रस्त्यावर चपलांचा खच पडला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. मधल्या पट्टीत गर्दीने पांगायचं कुठे? क्रिकेट मलाही आवडतं, पण त्या संध्याकाळी मी खिडकीत उभी राहून मनापासून घाबरले होते.

किटबॅग
ताई, ती मिरवणूक होती, सामना नव्हे. सामन्याची गर्दी तिकिटाने मोजलेली असते, आणि ती चर्चगेट, मरीन लाइन्स अशी दोन स्टेशनांवर वाटली जाते.

नेरूळची
२ नोव्हेंबर २०२५ ला आई आणि मी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला होतो. पावसामुळे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना दोन तास उशिरा सुरू झाला, आपण जिंकलो तेव्हा मध्यरात्र झालेली. आम्ही चालत घरी आलो, पण सोबत निघालेल्या मुली स्टेशनकडे धावत होत्या. एकीने रडत रडत विचारलं, 'पनवेलची गेली का?' २०२३ ला पहिल्या महिला प्रीमियर लीगचे सामने इथे आणि ब्रेबॉर्नवर झाले, तेव्हाही हेच. किटबॅगदादा, नेरूळही शहराच्या टोकालाच आहे, तरी हार्बरची गाडी असल्यामुळे मुली आल्या. अमणेला विरोध करू नका. आधी रूळ टाका, मग स्टेडियम बांधा, असं मागा.

किटबॅग
हे मान्य. पण आपल्याकडे रूळ नेहमी मागाहून येतात, हे विरारच्या माणसाला सांगायला नको.

स्कोअरर
आणि तिकिटांचं?

बदलापूरकर
तिकीट मिळालं तरी परतायची चिंता आहेच. पुढच्या आयपीएलला शेवटची कर्जत सामना संपल्यावर तासभर उशिरा सोडा. तेवढं केलंत तर वानखेडेच ठेवा, मी अमणेचं नाव काढणार नाही.