शावुओतचे दुधाचे जेवण कोल्हापुरात कसे करावे? आखणी आणि घरच्या पाककृती हव्या आहेत

रंकाळ्याजवळची

नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी आहोत. माझे माहेर अलिबागकडचे असून यजमानांच्या नोकरीमुळे गेली सहा वर्षे आम्ही कोल्हापुरात राहतो. यंदा, म्हणजे 2026 साली, आमचा पहिल्या पिकाचा सण शावुओत गुरुवारी 21 मे रोजी सूर्यास्ताला सुरू होतो. इस्राएलबाहेर तो दोन दिवस पाळायचा असल्यामुळे शुक्रवार आणि त्याला जोडून आलेला शाब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, असे दोन्ही दिवस सणाचेच आहेत. या सणाला दुधातुपाचे जेवण करण्याची रीत मला ठाऊक आहे, पण आमच्या घरी ती कधी रुजली नाही. माहेरी सण म्हटला की मटण ठरलेले असे, आणि मटणाच्या जेवणात दुधाचा थेंबही चालत नसल्यामुळे रश्श्यापासून गोडापर्यंत सगळीकडे नारळाचे दूध वापरले जाई. आजीचा चिकाचा हलवा म्हणजे गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध, नवसाचा मलिदा म्हणजे पोहे आणि ओले खोबरे, आणि आपल्या जुन्या ‘खिरीच्या सणा’ची नव्या धान्याची खीर, तीही नारळाच्या दुधातलीच. आजीच्या हातची वही माझ्याकडे आहे. तिच्यात चाळीसएक पदार्थ आहेत, आणि गाईम्हशीचे दूध लागेल असा त्यांत एकही नाही.

आता मात्र मी अशा गावात राहते, जिथे दूध हा अभिमानाचा विषय आहे. म्हणून यंदा दोन्ही दिवस पूर्ण दुधाचे जेवण करायचे मी ठरवले आहे. शुक्रवारी दुपारी शेजारची तीन कुटुंबे जेवायला येतील आणि आम्ही धरून पंधरा पाने होतील. मला भीती अशी वाटते, की श्रीखंड, बासुंदी आणि खरवस एकाच ताटात मांडले तर चार घासांत तोंड मिटेल. शिवाय जेवणारे सगळे कोल्हापूरचे आहेत, त्यांना झणझणीत काही नसेल तर जेवल्यासारखे वाटणार नाही. गावात सिनेगॉग, म्हणजे आमचे प्रार्थनास्थळ, नाही आणि विचारायला जवळ वडीलधारे कोणी नाही. शाब्बाथ जोडून आल्यामुळे स्वयंपाक कधी आणि किती करावा, दूध कोठून घ्यावे आणि मुख्य गोड पदार्थ कोणता ठेवावा, हे कृपया जाणत्यांनी सांगावे. आपल्या घरची एखादी पाककृती दिलीत तर मी ती नावानिशी वहीत उतरवून घेईन.

रास्ता पेठेतले आजोबा

ताई, तुमचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. आधी स्वयंपाकाच्या वेळेचे सांगतो, कारण यंदा चूक होण्याची शक्यता तिथेच अधिक आहे.

सणाच्या दिवशी स्वयंपाक करता येतो, पण नवा अग्नी पेटवता येत नाही. म्हणून गुरुवारी सूर्यास्तापूर्वी शुक्रवार संध्याकाळपर्यंत टिकेल असा तेलाचा मोठा दिवा लावून ठेवा आणि शेगडी त्याच्याच ज्योतीवरून पेटवा. सणाच्या दिवशी त्याच दिवसापुरते शिजवायचे असते, शाब्बाथसाठी शुक्रवारी शिजवायचे असेल तर गुरुवारीच ‘एरुव तावशिलीन’ ठेवावे लागते. एक पोळी आणि एक शिजवलेला पदार्थ, बहुधा उकडलेले अंडे, बाजूला काढून त्यावर आशीर्वाद म्हणायचा आणि ते शाब्बाथला खायचे. यासाठी पोळी गव्हाचीच हवी, ज्वारीची भाकरी चालणार नाही. भाकरीचा आशीर्वाद गहू आणि जव यांच्या कुळातल्या पाच धान्यांनाच लागू होतो. त्याच कारणाने जेवणाची सुरुवातही गव्हाच्या पोळीने करा, ज्वारीची भाकरी नंतर खुशाल वाढा. शनिवारी शिजवायचे नसल्यामुळे त्या दिवसाचे जेवण थंड ठेवा आणि फ्रिजमधला, दार उघडताच पेटणारा दिवा गुरुवारीच काढून ठेवायला विसरू नका, ही गोष्ट ऐनवेळी हमखास राहते.

दुधाविषयी सांगायचे तर याबाबतीत तुम्ही आम्हा पुणेकरांपेक्षा भाग्यवान आहात. मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहाच्या काळापासूनचा नियम असा आहे, की दुसऱ्या धर्माच्या माणसाने काढलेले दूध यहुदी माणसाच्या देखत काढलेले असावे, म्हणजे त्यात निषिद्ध जनावराच्या दुधाची भेसळ नाही याची खात्री राहते. आजच्या शहरांत हा नियम पाळणे अवघड झाले आहे. तुमच्याकडे गंगावेशीत मात्र म्हैस समोर उभी करून धार काढून देतात. घरचे कोरे भांडे घेऊन जा, धार काढताना स्वतः उभ्या राहा आणि दूध घेऊन या. म्हैस रवंथ करणारी आणि दुभंगलेल्या खुरांची आहे, त्यामुळे तिच्या दुधाबद्दल शंका नाही.

आता दूधच का, हे पाहुण्यांना सांगावे लागेलच. याची कारणे अनेक सांगतात. सिनाय पर्वतावर तोरा, म्हणजे आपले धर्मशास्त्र, मिळाली तेव्हा मांसाचे नियम नुकतेच कळले होते, जुनी भांडी त्या नियमांत बसत नव्हती, म्हणून लोक त्या दिवशी दुधावर राहिले, हे एक कारण. हिब्रू भाषेत दुधाला ‘हालाव’ म्हणतात, त्या अक्षरांची बेरीज 40 होते, आणि ती तोरा आणणारा मोशे पर्वतावर 40 दिवस होता, हे दुसरे. मला स्वतःला तोरेतल्या निर्गम या पुस्तकाच्या 23व्या अध्यायातले 19वे वचन सर्वांत पटते, कारण जमिनीचे पहिले पीक देवाच्या घरी आणण्याची आज्ञा आणि करडू त्याच्या आईच्या दुधात न शिजवण्याची आज्ञा अशा दोन्ही त्या एकाच वचनात शेजारी शेजारी आहेत. शावुओत हा पहिल्या पिकाचा सण आहे आणि ते पीक गव्हाचे आहे. यरुशलेमचे मंदिर उभे होते तेव्हा या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी अर्पण होत. म्हणून ताटात दुधाइतकेच महत्त्व गव्हाला द्या, अशी माझी सूचना आहे.

करवीरची सून

मी तुमच्या समाजातली नाही, पण आजोबांचे शेवटचे वाक्य वाचले आणि राहवले नाही. नवा गहू आणि दूध, हे दोन्ही ज्यात एकत्र येतात तो पदार्थ आमच्याकडे लग्नाकार्यात होतोच. तो म्हणजे खपली गव्हाची खीर. सीमेपलीकडे तिलाच हुग्गी म्हणतात. मला वाटते, ताईंनी श्रीखंड-बासुंदीच्या मागे न लागता हीच खीर मुख्य ठेवावी. खपली हा फार जुना गहू आहे. त्याची शेती पहिल्यांदा तुमच्या पवित्र ग्रंथातल्या प्रदेशाच्या आसपासच सुरू झाली, असे मी वाचले आहे. आमच्याकडे तो फाल्गुनात घरी येतो, त्यामुळे मे महिन्यात नवा गहू हाताशी असतो.

या गव्हाचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असते, म्हणून पाण्याचा हबका मारून तो सडावा लागतो. माझ्या सासूबाई अजून उखळात सडतात. मुसळाचे घाव जोरात पडले तर दाणा फुटतो आणि हलके पडले तर साल सुटत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेऊन त्या अंगठ्याने चोळून पाहतात, आणि तांबूस दाणा गुळगुळीत लागला की थांबतात. तुम्ही सडलेले गहू दुकानातून आणले तरी चालतील. पंधरा माणसांना अर्धा किलो पुरे होतात. ते रात्रभर भिजवा, सकाळी भरपूर पाण्यात कुकरला मऊ शिजवा आणि डावाने अर्धवट घोटा. अगदी पीठ करू नका, दाणा दाताखाली आला पाहिजे. मग अर्धा किलो पिवळसर कोल्हापुरी गूळ चिरून घाला, मंद आचेवर ढवळत राहा, आणि शेवटी किसलेले सुके खोबरे, भाजलेली खसखस, वेलची, सुंठ आणि थोडी बडीशेपेची पूड घाला. बडीशेप विसरू नका, तिच्यामुळेच ही खीर आमच्याकडची आहे हे कळते.

दूध पातेल्यात घालू नका. गूळ आणि गरम दूध एकत्र उकळले की दूध फाटते. खीर घट्टच ठेवायची, ताटात वाढायची, आणि वरून तापवून कोमट केलेले सायीचे दूध आणि चमचाभर कणीदार तूप घालायचे. ज्याला जितके दूध हवे तितके तो घेतो, त्यामुळे तोंड मिटण्याचा प्रश्नही सुटतो. पंधरा जणांना दोन लिटर दूध ठेवा.

झणझणीत हवेच. मटणाच्या अळणीऐवजी (म्हणजे बिनतिखटाच्या उकडीच्या पाण्याऐवजी) कांदा, फ्लॉवर, नवलकोल आणि लसणाची अख्खी गड्डी उकळून भाज्यांचे अळणी करा. त्याचा अर्धा भाग कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात तांबडा करा आणि उरलेल्या अर्ध्यात ओले खोबरे, तीळ, खसखस आणि काजूचे वाटण घालून पांढरा. खर्डा, घट्ट दही आणि लोण्याचा गोळा सोबत ठेवा. खीर-भाकरीच्या मध्ये रस्सा प्यायला मिळाला की कोल्हापूरचा माणूस तक्रार करणार नाही.

अश्दोदहून

माझे आईवडील पुण्याहून इथे इस्राएलमध्ये आले आणि मी इथेच वाढले, पण स्वयंपाक मराठीच शिकले. आमच्याकडे हा सण एकच दिवसाचा असतो. त्या आठवड्यात दुकानांची निम्मी जागा पांढऱ्या चीजने भरलेली असते आणि बालवाडीतली मुले पांढरे कपडे घालून, डोक्यावर फुलांची वेणी घालून, फळांच्या टोपल्या घेऊन निघतात. आईला पहिल्या वर्षी सर्वांनी चीज केक करायला सांगितला. तिने पांढरे चीज बोटावर घेऊन चाखले आणि म्हणाली, ‘अगं, हा तर आपला चक्का.’ तेव्हापासून आमच्या घरी केक चक्क्याचाच होतो.

कृती सोपी आहे. अर्धा किलो चक्का, कंडेन्स्ड मिल्कचा 400 ग्रॅमचा डबा, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि वेलची-जायफळ हे गुठळी न राहता फेटायचे, तूप लावलेल्या डब्यात ओतून वर झाकण घालायचे आणि खरवसासारखे, कुकरची शिटी काढून, अर्धा तास वाफवायचे. पूर्ण गार झाल्यावर चार तास फ्रिजमध्ये ठेवले की सुरीने स्वच्छ कापता येते. हापूस संपायला आलेला असेल, पण एखाद-दोन फळे मिळाली तर फोडी वर लावा. हा पदार्थ गुरुवारी दुपारी करून ठेवता येतो आणि शनिवारच्या थंड जेवणाला तो फार उपयोगी पडतो. म्हशीच्या दोन लिटर दुधाच्या दह्याचा पाऊण किलोच्या आसपास चक्का पडतो, तेव्हा घरीच टांगा.

चक्का आणि लिंबाने फाडलेले पनीर यांत शंकेला जागा नाही. बाजारच्या कडक चीजमध्ये दूध फाडायला वापरलेले वासराच्या पोटातले रेनेट असू शकते आणि काही तयार गोडांत जनावराच्या हाडा-कातड्यापासूनचे जिलेटिन असते, म्हणून वेष्टन वाचूनच घ्या. आणि अलिबागची सवय म्हणून मासळीची आठवण झाली तरी या ताटात ती नको. अनेक सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेतल्या यहुदी घरांत मासळी आणि दूध एकत्र खात नाहीत.

रास्ता पेठेतले आजोबा

करवीरच्या ताईंची खीर वाचली. ती शावुओतसाठीच जन्माला आली आहे असे मला वाटते. फक्त रश्श्याबद्दल एक सूचना करतो. दुधाच्या ताटात तांबडा-पांढरा रस्सा दिसला की पाहणाऱ्याला मटणाचा संशय येईल. यहुदी लोकांत जुनी पद्धत अशी, की मांसाबरोबर बदामाचे दूध वापरले तर भांड्याजवळ अख्खे बदाम ठेवत, म्हणजे ते खरे दूध नाही हे दिसे. त्याच न्यायाने रश्श्यात फ्लॉवरचे मोठे तुरे आणि नवलकोलाच्या फोडी दिसतील अशा राहू द्या. आणि दोन्ही रश्श्यांना पातेली मटणाची वापरू नका, दुधाचीच वापरा.

रंकाळ्याजवळची

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिलेत, मी ऋणी आहे. आता माझे असे ठरले आहे. गुरुवारी पहाटे गंगावेशीतून दूध आणायचे आणि त्या रात्री पोळी, ताकातला पालक आणि साधा भात एवढेच करायचे. चक्का बुधवारीच टांगेन आणि केक गुरुवारी दुपारी वाफवून ठेवेन. शुक्रवारी दुपारी पोळी, ज्वारीची भाकरी, दोन्ही रस्से, खर्डा, दही, लोणी आणि खपलीची खीर. शनिवारी केक, काकडीची कोशिंबीर आणि दहीभात. मेच्या उकाड्यात दहीभात लगेच आंबतो, म्हणून शुक्रवारी भात दुधातच कालवून त्याला चमचाभरच दही लावीन आणि फ्रिजमध्ये ठेवीन.

काल वाटीभर गव्हाची खीर करून पाहिली. सूचना वाचूनही पहिल्या वाटीत मी घाईने कढत दूध घातले आणि ते डोळ्यांदेखत फाटले. दुसरी वाटी निवू दिली, मग कोमट दूध घातले आणि ते सायीसकट नीट राहिले. मुलाने ती संपवून आणखी मागितली. आजीच्या वहीत शेवटी चार कोरी पाने होती, त्यांतल्या पहिल्यावर ‘करवीरच्या ताईंची खपलीची खीर, दूध वरून’ असे लिहिले आहे. एकच अडचण उरली. दोन दुकानांत विचारले, पण सडलेला गहू अर्धा किलो एकरकमी मिळाला नाही. आणखी कोठे मिळेल?

करवीरची सून

दुकानात शोधू नका. सासूबाईंनी यंदाचे दीड किलो सडून, उन्हात वाळवून डब्यात भरले आहेत. मी तुमचा निरोप वाचून दाखवला तेव्हा त्यांनी अर्धा किलो लगेच मोजून वेगळे बांधून ठेवले. येत्या रविवारी आम्ही रंकाळ्यावर येणार आहोत, तेव्हा देईन. पिशवी मात्र तुमच्या घरची, कोरी आणा.