मदत हवी आहे: आईच्या मांडीत साकळलेले रक्त विरघळण्यास किती काळ लागतो?
नमस्कार मंडळी,

नऊ दिवसांपूर्वी माझी आई (वय ६८) न्हाणीघरात घसरली आणि तिची उजवी मांडी कपडे धुण्याच्या दगडाच्या कडेवर आपटली. कातडी कुठेही फाटली नाही, परंतु तिला पलंगावर आणून बसवेपर्यंत लिंबाएवढे टेंगूळ आले होते आणि रात्री ते नारळाच्या वाटीएवढे झाले. गेल्या वर्षी स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवल्यापासून ती अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेते, त्यामुळेच रक्त इतके साकळले असावे, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत आहे. सोनोग्राफीत कातडीखाली सुमारे ६ सेंटिमीटर लांबीची रक्ताची गाठ दिसली. पहिले दोन दिवस आम्ही फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, असा दिवसातून चार-पाच वेळा लावला आणि दुखण्यावर केवळ पॅरासिटामॉल दिले, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. स्टेंटच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी एक दिवसही चुकवू दिल्या नाहीत. सूज पसरते आहे का हे कळावे म्हणून मी तिच्या कडेने बॉलपेनने रेघ आखली होती. तिसऱ्या दिवसापासून सूज रेघेच्या आतच राहिली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आता जांभळ्या डागाची कड हिरवट-पिवळी झाली आहे. निळेपणा गुडघ्याखाली उतरलेला पाहून मी घाबरलो होतो, पण साकळलेले रक्त उताराकडे झिरपते, असे डॉक्टरांनी पाय तपासून समजावले. मधली गाठ अजून कच्च्या पेरूसारखी टणक आहे.

भेटायला येणारी मंडळी आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप सुचवतात, त्याला माझी हरकत नाही. तेलाने चोळणे किंवा सुई टोचून रक्त काढणे मात्र मी ठामपणे नाकारले आहे, कारण चोळल्याने आत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, आणि गोठलेले रक्त सुईतून येत नाहीच, उलट जंतू शिरून पू होण्याची भीती असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना ज्यांच्या घरी असे झाले आहे, त्यांनी कृपया सांगावे, की गाठ मऊ पडण्यास किती आठवडे लागले, कोमट शेक केव्हा सुरू केला आणि शेवटी ती चिरा देऊन काढावी लागली का? ताप येणे, पाय बधिर होणे, कातडी ताणून काळी पडणे यांवर मी रोज लक्ष ठेवतो; तसे काही दिसल्यास आम्ही लगेच रुग्णालय गाठू. परंतु आई दुखणे सांगतच नाही, काल तर तिने ओट्याशी उभे राहून सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या. अशा माणसाला किती चालू द्यावे आणि किती बसवून ठेवावे, हेही अनुभवी मंडळींनी लिहावे.